दोन हजार लिरांची मर्यादा

व्यापारी घराण्यातला मुलगा नव्या धंद्याची गोष्ट काढतो, तेव्हा बहुधा दोनपैकी एक प्रकार घडतो. वडील एक तर विषय तिथेच मिटवतात, नाहीतर मायेपोटी थैलीचे तोंड सैल सोडतात. पहिल्या प्रकारात मुलाची उमेद खचते, दुसऱ्यात पेढी खचते. इटलीतील जेनोआ या बंदरात जहाजांचा व्यवसाय करणाऱ्या एमान्युएले व्हित्तोरिओ पारोदी यांनी 3 जानेवारी 1919 रोजी आपल्या मुलाला पाठवलेले उत्तर या दोहोंहून निराळे होते. मुलाचे नाव जॉर्जो. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. वैमानिक म्हणून लढलेल्या या तरुणाला आता दोन मित्रांसह मोटारसायकली बनवायच्या होत्या.

वडिलांच्या पत्राचा आशय असा होता: कल्पना एकंदरीत पसंत आहे. प्रयोगासाठी दीड ते दोन हजार लिरा देतो, मात्र हा आकडा कोणत्याही परिस्थितीत ओलांडता कामा नये. धंद्यात खरोखर उतरण्यापूर्वी यंत्राचा आराखडा स्वतः तपासण्याचा हक्क राखून ठेवतो. आणि आराखडा मनास आला, तर याहून पुष्कळ पुढे जाण्याची तयारी आहे. मग रकमेला मर्यादा नाही.

मोजक्या ओळींत त्यांनी प्रयोगाचे भांडवल आणि व्यवसायाचे भांडवल यांच्यामध्ये स्पष्ट रेघ ओढली. प्रयोग फसला तर किती बुडणार हे आधीच ठरले. प्रयोग साधला तर मुलाला दारोदार फिरावे लागणार नाही, हेही ठरले. आज शंभर वर्षे उलटून गेल्यावरही चालू असलेल्या मोटो गुझी या मोटारसायकल कंपनीचा पाया या पत्रात आहे.

तिघांचा करार

ज्या दोन मित्रांचा उल्लेख वर आला, त्यांपैकी एक कार्लो गुझी. त्यांचा जन्म 1889 मध्ये मिलान येथे झाला. वडिलांच्या निधनानंतर हे कुटुंब कोमो सरोवराच्या पूर्व काठावरील मांदेल्लो देल लारिओ या लहानशा गावी येऊन राहिले. मागे ग्रिन्या पर्वताचे कडे, पुढे सरोवराचे पाणी, अशी त्या गावाची जागा आहे. तेथे जॉर्जो रिपामोंती नावाच्या लोहाराच्या दुकानी कार्लो यांचा हात यंत्रावर बसला. युद्धात त्यांची नेमणूक हवाई दलात यंत्रदुरुस्तीच्या कामावर झाली आणि तेथेच जॉर्जो पारोदी व जोव्हान्नी रावेल्ली या दोन वैमानिकांशी त्यांची मैत्री जमली. रावेल्ली हे ब्रेश्याचे. युद्धापूर्वीच मोटारसायकल शर्यतींत त्यांचे नाव झाले होते.

तिघांच्या गप्पांतून एक वाटणी ठरली. गुझी यांनी यंत्र घडवावे, पारोदींनी भांडवल उभे करावे आणि रावेल्लींनी शर्यती जिंकून त्या यंत्राला बाजारात नाव मिळवून द्यावे. भागीदारीच्या दृष्टीने ही मांडणी उत्तम होती. एकाचे कौशल्य, दुसऱ्याची पत, तिसऱ्याची कीर्ती. एकाचे काम दुसऱ्याच्या कामावर कुरघोडी करणार नव्हते. परंतु 11 ऑगस्ट 1919 रोजी, युद्ध संपून जेमतेम नऊ महिने झाले असताना, रावेल्ली विमान अपघातात मरण पावले. कंपनी तेव्हा अस्तित्वातही आली नव्हती. कागदावर त्यांचे नाव कोठेच नव्हते. कायद्याच्या दृष्टीने उरलेले दोघे त्यांना काहीही देणे लागत नव्हते.

दोघांनी मात्र हे देणे मानले. आपल्या मोटारसायकलींवर त्यांनी पंख पसरलेला गरुड चितारला. ते इटालियन नौदलाच्या हवाई विभागाचे चिन्ह होते, आणि ते निवडले गेले ते रावेल्लींच्या स्मरणार्थ. पुढील शंभर वर्षांत या कंपनीचे मालक अनेकदा बदलले, पण टाकीवरचा गरुड कोणीही उतरवला नाही. ज्या भागीदाराने एक लिराही गुंतवला नाही आणि एक लिराही नफा घेतला नाही, त्याचा वाटा अशा रीतीने कायमचा चालू राहिला.

नमुना आणि माल

पहिला नमुना रिपामोंतींच्या दुकानात तयार झाला. गुझी व पारोदी यांच्या आद्याक्षरांवरून त्याला जी.पी. हे नाव मिळाले. पाचशे सीसीचा एकच सिलिंडर, तोही उभा न ठेवता आडवा, समोरच्या चाकाकडे तोंड केलेला. म्हणजे धावताना वारा थेट त्यावर येऊन यंत्र थंड राही. वर कॅमशाफ्ट आणि चार व्हॉल्व्ह. त्या काळाच्या मानाने ही रचना फारच पुढची होती आणि तितकीच महागडीही.

15 मार्च 1921 रोजी जेनोआ येथे कंपनीची रीतसर नोंदणी झाली. दस्तात पारोदी पितापुत्र व कार्लो गुझी यांची नावे होती. जी.पी. ही अक्षरे जॉर्जो पारोदी यांचीच आद्याक्षरे वाटू शकतील, म्हणून ती बाजूला ठेवून कंपनीला गुझींचे नाव देण्यात आले. पैसा ज्या घराचा, त्या घराने पाटीवरची जागा कारागिराला दिली. गुझी यांना सुरुवातीच्या काळात तयार होणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलमागे ठराविक मोबदला मिळत असे. यंत्र जितके चांगले तितकी विक्री अधिक, आणि विक्री जितकी अधिक तितकी कारागिराची मिळकत मोठी, असा तो साधा आणि उभयपक्षी सोयीचा हिशेब होता.

बाजारात आलेल्या पहिल्या गाडीचे नाव नॉर्माले. नमुन्यातील आडवा सिलिंडर तिच्यात कायम राहिला, पण चार व्हॉल्व्हच्या जागी दोन आले आणि खर्चिक कॅमशाफ्टला रजा मिळाली. इंजिनाची ताकद सुमारे आठ अश्वशक्ती होती. डोळ्यांत भरे ते बाहेरच्या बाजूला बसवलेले मोठे फ्लायव्हील. त्याच्या वजनामुळे इंजिन सावकाश आणि न अडखळता फिरे. नमुना घडवताना गुझींनी आपल्या कल्पनेला पूर्ण मोकळीक दिली. विकायचा माल घडवताना गिऱ्हाइकाचा खिसा आणि गावोगावच्या मिस्त्रीची हत्यारे यांचा विचार केला. कारागिराला स्वतःच्या उत्तम कल्पनेला कात्री लावणे सर्वांत जड जाते. गुझींना ते जमले, आणि चार व्हॉल्व्हची कल्पना त्यांनी शर्यतीच्या गाड्यांसाठी राखून ठेवली.

शर्यत हीच जाहिरात

रावेल्ली नव्हते, तरी त्यांच्या वाट्याचे काम करणे भाग होते. 1921 मध्येच सिसिलीतील तार्गा फ्लोरिओ शर्यत जिनो फिन्झी यांनी गुझीवर जिंकली. 1924 मध्ये मोन्झा येथे गुइदो मेंतास्ती यांनी युरोपीय अजिंक्यपद मिळवले. त्या काळी रस्ते खडीचे होते आणि मोटारसायकल मध्येच बंद पडणे ही नित्याची गोष्ट होती. शर्यतीत शेकडो किलोमीटर न थांबता धावलेली गाडी आपल्यालाही वाटेत सोडणार नाही, असा विश्वास गिऱ्हाइकाला येई. शर्यतीवरचा खर्च कंपनीच्या दृष्टीने जाहिरातीचाच खर्च होता.

विश्वास मिळवण्याचा दुसरा मार्ग कार्लो यांचे बंधू ज्युसेप्पे यांनी दाखवला. तोवर मोटारसायकलच्या मागच्या चाकाला स्प्रिंग बसवण्यास बहुतेक कारखानदार कचरत. चौकट लवचिक झाली तर गाडी रस्त्यावर डुलेल, अशी समजूत होती. गुझी बंधूंनी मागच्या चाकाला स्प्रिंग असलेली गाडी तयार केली, आणि 1928 मध्ये ज्युसेप्पे तिच्यावर बसून थेट नॉर्वेच्या उत्तर टोकापर्यंत, नॉर्डकॅपपर्यंत जाऊन आले. पुढे ही गाडी नॉर्जे या नावाने ओळखली जाऊ लागली. वादाला उत्तर देण्यासाठी त्यांनी परिपत्रक काढले नाही. गाडी हजारो किलोमीटर चालवून दाखवली.

तरीही ब्रिटिश कारखानदारांना पटले नव्हते. त्यांची प्रतिष्ठेची शर्यत म्हणजे आइल ऑफ मॅन बेटावरील टी.टी. 1935 मध्ये आयर्लंडचे स्टॅन्ली वुड्स यांनी मागच्या चाकाला स्प्रिंग असलेल्या गुझी गाड्यांवर त्या बेटावरील 250 सीसी आणि 500 सीसी अशा दोन्ही वर्गांच्या शर्यती जिंकल्या. त्यानंतर मागच्या स्प्रिंगबद्दलचा संशय हळूहळू मावळत गेला. आज रस्त्यावर धावणारी साधीतली साधी मोटारसायकलही मागच्या चाकाला स्प्रिंग घेऊनच धावते.

कारखाना आणि गाव

मांदेल्लोचा कारखाना वाढला, तसे गावही वाढले. कामगारांसाठी घरे उभी राहिली. 1929 मध्ये कंपनीच्या आश्रयाखाली नौकानयन मंडळ सुरू झाले. दिवसा यंत्रावर काम करणारी मुले संध्याकाळी सरोवरात वल्ही मारू लागली. हा केवळ करमणुकीचा उपक्रम राहिला नाही. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये चार वल्हेकऱ्यांच्या स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणारा इटलीचा संघ याच मंडळाचा होता, आणि 1956 मध्ये मेलबर्नलाही मांदेल्लोच्या वल्हेकऱ्यांनी सुवर्णपदक आणले. कोणत्याही कारखान्याच्या जमाखर्चात अशा पदकाला रकाना नसतो. पण पुढे कठीण काळ आला, तेव्हा गाव कारखान्याच्या पाठीशी का उभे राहिले, याचे उत्तर अशाच गोष्टींत सापडते.

दुसऱ्या महायुद्धाने इटलीला कंगाल केले. लोकांना कामावर जायला वाहन हवे होते आणि हाती पैसा नव्हता. पाचशे सीसीच्या गाड्या आणि शर्यतींचे विजय यांवर नाव कमावलेल्या कंपनीने 1946 मध्ये 65 सीसीची हलकी गाडी बाजारात आणली. लोकांनी तिला लाडाने गुझ्झीनो, म्हणजे छोटी गुझी, म्हटले. मोठ्या नावाच्या कंपनीने इतकी लहान गाडी काढल्यामुळे तिची पत कमी झाली नाही. उलट हजारो घरांत गरुडाचे चिन्ह प्रथम पोहोचले ते याच गाडीवरून.

गरुडाच्या मागोमाग इतर पक्षीही आले. एरोने म्हणजे बगळा, फाल्कोने म्हणजे ससाणा, गाल्लेत्तो म्हणजे कोवळा कोंबडा, लोदोला म्हणजे चंडोल. गाड्यांना पक्ष्यांची नावे देण्याची ही प्रथा दीर्घकाळ चालली. 1956 ची लोदोला ही कार्लो गुझी यांनी स्वतः आखलेली अखेरची गाडी मानली जाते.

थांबण्याचा निर्णय

1950 मध्ये कंपनीने कारखान्याच्या आवारात वाऱ्याचा बोगदा बांधला. मोटारसायकल आणि तिच्यावरचा स्वार यांना त्यात बसवून, वाऱ्याचा विरोध कसा कमी करता येईल याचे प्रयोग होत. मोटारसायकल कारखानदाराने असा पूर्ण आकाराचा बोगदा उभारण्याची ही पहिलीच वेळ होती. ज्युलिओ चेझारे कार्कानो या अभियंत्याने 1955 मध्ये त्याहून धाडसी काम केले. पाचशे सीसीत त्याने आठ सिलिंडर बसवले. प्रत्येक सिलिंडर जेमतेम चहाच्या लहान पेल्याएवढा. ही गाडी ताशी सुमारे 275 किलोमीटर वेगाने धावली. त्या काळचे टायर आणि ब्रेक त्या वेगासाठी घडलेले नव्हते.

आणि मग 1957 च्या हंगामाअखेर मोटो गुझीने जिलेरा आणि मोंदियाल या इटालियन कंपन्यांसह जागतिक शर्यतींतून माघार घेतली. कंपनीच्या नावावर तोवर 14 जागतिक अजिंक्यपदे आणि टी.टी.चे 11 विजय जमा होते. हरून नव्हे, शिखरावर असताना त्यांनी हा मार्ग सोडला. शर्यतीचा खर्च वाढत होता आणि विक्री घटत होती. जो खर्च 1921 मध्ये जाहिरात होता, तो 1957 मध्ये केवळ मान राखण्याचा खर्च उरला होता. नाव तेच, काम तेच, पण खतावणीत त्याची जागा बदलली आहे, हे ओळखायला वेळ लागतो. कित्येक पेढ्या हे ओळखत नाहीत आणि कालच्या कीर्तीचा खर्च आजच्या मुदलातून करीत राहतात.

हे ओळखूनही संकट टळले नाही. 1955 मध्ये फियाटची 600 ही मोटार आली आणि 1957 मध्ये तिच्याहून लहान अशी नवी 500. पाऊस, थंडी आणि मुलेबाळे यांचा विचार करणाऱ्या इटालियन कुटुंबाने मोटारसायकल सोडून चारचाकी धरली. 1955 मध्येच जॉर्जो पारोदी निवर्तले आणि कारभार त्यांचे बंधू एन्रिको यांच्याकडे गेला. 1964 मध्ये कार्लो गुझी यांनी मांदेल्लो येथे देह ठेवला. स्थापनेच्या दस्तावर सह्या करणाऱ्यांपैकी आता कोणी उरले नव्हते. कंपनी कर्जाच्या ओझ्याखाली वाकली, आणि फेब्रुवारी 1967 मध्ये सीम नावाच्या नव्या संस्थेने तिचा ताबा घेतला. पारोदी घराण्याचा आणि कंपनीचा संबंध तेथे संपला.

वाचवणारे यंत्र

ज्या गाडीने कंपनी तगली, ती याच पडत्या काळात घडली होती. इटलीच्या पोलीस खात्याला दीर्घकाळ टिकेल, दुरुस्तीला स्वस्त पडेल आणि जड अंगाच्या शिपायालाही दिवसभर वाहून नेईल अशी गाडी हवी होती. आठ सिलिंडरांचे अजब यंत्र घडवणाऱ्या कार्कानो यांनीच तिचे इंजिन आखले. दोन सिलिंडर, त्यांच्यात नव्वद अंशांचा कोन, आणि दोन्ही सिलिंडरांची डोकी गाडीच्या दोन बाजूंना बाहेर आलेली. त्यामुळे दोन्हींना सारखा वारा मिळे आणि मिस्त्रीचा हात सहज पोहोचे. मागचे चाक साखळीने न फिरवता शाफ्टने फिरवले, म्हणजे साखळी ताणण्याची, तिला तेल घालण्याची आणि ती तुटण्याची कटकटच मिटली. व्ही7 नावाची ही गाडी 1965 च्या अखेरीस मिलानच्या प्रदर्शनात दिसली आणि 1967 मध्ये विक्रीला आली. इटलीच्या पोलिसांनी ती घेतली. पुढे अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या पोलिसांच्या ताफ्यातही तिला स्थान मिळाले. त्या प्रांताचे नाव धारण करणारी कॅलिफोर्निया ही गाडी कंपनीने कित्येक वर्षे बनवली. लिनो तोंती या अभियंत्याने याच इंजिनासाठी नवी बुटकी चौकट आखली आणि 1971 मध्ये व्ही7 स्पोर्ट ही चपळ गाडी जन्मली.

कार्कानो यांच्या कारकिर्दीत एक गोष्ट मनात ठेवण्याजोगी आहे. आठ सिलिंडरांच्या गाडीने त्यांना कीर्ती दिली. पोलीस शिपायाच्या गाडीने कंपनीला आयुष्य दिले.

मालक बदलले, पत्ता बदलला नाही

1973 मध्ये अर्जेंटिनात जन्मलेले उद्योजक अलेहांद्रो दे तोमासो यांनी कंपनी घेतली. जपानी चार सिलिंडर गाड्यांनी जग व्यापले होते, तरी मांदेल्लोचे आडव्या मांडणीचे दोन सिलिंडर चालूच राहिले. 2000 मध्ये आप्रिलिया या इटालियन कंपनीने मोटो गुझी विकत घेतली, पण थोड्याच वर्षांत ती स्वतःच आर्थिक अडचणीत सापडली. 2004 च्या अखेरीस दोन्ही कंपन्या पियाज्यो उद्योगसमूहाकडे गेल्या.

पियाज्यो हे नाव महाराष्ट्राला परके नाही. 1960 च्या दशकात पुण्याच्या बजाज कारखान्यात व्हेस्पा स्कूटर बनत, त्या पियाज्योच्याच परवान्याने. बारामतीच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या तीनचाकी मालवाहू गाड्या आजही अनेक दुकानदारांचा माल वाहतात. या पियाज्योचा जन्म 1884 मध्ये जेनोआ येथे झाला होता. ज्या शहरात 1921 मध्ये मोटो गुझीचा दस्त झाला, त्याच शहरातून निघालेल्या पेढीकडे फिरत फिरत ती पोहोचली.

प्रत्येक हस्तांतराच्या वेळी मांदेल्लोत एकच धास्ती असे: नवा मालक कारखाना हलवील काय? हिशेब मांडला, तर डोंगर आणि सरोवर यांच्या बेचक्यात अडकलेली ती जागा मोठ्या कारखान्यासाठी सोयीची नाही. पण मोटो गुझीचे गिऱ्हाईक केवळ यंत्र घेत नाही, ते मांदेल्लोत घडलेले यंत्र घेते, हे प्रत्येक मालकाला शेवटी मान्य करावे लागले. खरेदीखतात इमारती, यंत्रे आणि देणी यांची मोजदाद होते. पत मात्र त्या जागेला आणि त्या चिन्हाला चिकटलेली असते. ती उचलून दुसरीकडे नेता येत नाही. 2021 मध्ये कंपनीने शंभरी पूर्ण केली. त्या निमित्ताने आलेल्या व्ही100 या नव्या गाडीत इंजिन पाण्याने थंड करण्याची योजना झाली. गाडीच्या नावात गावाचे नाव जोडले गेले: व्ही100 मांदेल्लो.

या शतकभराच्या हिशेबात तीन माणसांचा वाटा तीन प्रकारे उरला आहे. कार्लो गुझी यांचे नाव कंपनीला आहे. जोव्हान्नी रावेल्ली यांचा गरुड प्रत्येक टाकीवर आहे. आणि ज्या वृद्ध व्यापाऱ्याने दोन हजार लिरांवर बोट ठेवून मुलाला होकार कळवला, त्याच्या घराण्याकडे आज कंपनीची मालकी नाही; पण मांदेल्लोच्या त्या जुन्या कारखान्याला आजही पत्र पाठवायचे असेल, तर पाकिटावर रस्त्याचे नाव लिहावे लागते: एमान्युएले व्हित्तोरिओ पारोदी मार्ग, क्रमांक 57.